सरकारनं बांध राखावा : ही गोष्ट चारचौघांत कशी पटवून द्यावी

मार्च ते मे आमच्या डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या गिरणीत, बसायला जागा नसते. ब्याडगी, संकेश्वरी, भाजलेलं खोबरं, धणे, तीळ, वाळवलेला कांदा असली गाठोडी घेऊन बायका नंबराला बसतात आणि तास-दीड तास तोंडं चालू. त्यातलं एक वाक्य मी वीस वर्षं ऐकत आलेय, "सरकारनं कायतरी करायला पाहिजे बघा." पोरगं मोबाईल सोडत नाही, सरकारनं बंदी आणावी. लग्नात कर्ज काढून डीजे लावतात, सरकारनं कायदा करावा. आणि तीच बाई पाच मिनिटांनी सांगते की एका दाखल्यासाठी चौथा हेलपाटा झाला, साहेब जाग्यावर नव्हते, रोजगार बुडाला तो वेगळाच. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून येतात. ती एकमेकांशी जोडून द्यायची कशी, एवढंच मी इथं सांगणार आहे.

मी वाळवा तालुक्यातली, कृष्णाकाठची. घरचं तीन एकर, त्यात ऊस आणि थोडी हळद. शिक्षण नववी. वयाच्या चोविसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेले. मामंजी जाऊ देत नव्हते, पण धाकट्या दिरांच्या छातीवर संघटनेचा लाल बिल्ला होता, त्यांनी रदबदली केली. तिथं लाखो बायका बघितल्या, शरद जोशींचं भाषण ऐकलं, आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा देऊन घसा बसवून घरी आले. तेव्हापासून सरकारनं आपल्या कामापुरतंच राहावं हे खूळ डोक्यात आहे. पटवून देण्यात चुका भरपूर केल्या, त्या तुम्ही करू नयेत.

मोठे शब्द घरी ठेवा

'व्यक्तिस्वातंत्र्य', 'मर्यादित शासन' हे शब्द पहिल्या अर्ध्या तासात तोंडातून काढायचे नाहीत. मी एकदा ग्रामसभेत काढले होते. घटनेचं नववं परिशिष्ट, १९५१ ची पहिली दुरुस्ती, त्यात सुरुवातीला घातलेले १३ कायदे, आता झालेले २८४, शेतकऱ्याला त्यांच्याविरुद्ध कोर्टात जायची वाट कशी बुजवली, मग २००७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती थोडी कशी किलकिली केली, असं चाळीस मिनिटं बोलले. एक शब्द खोटा नव्हता. मध्ये लाईट गेली. आली तेव्हा सभेत ग्रामसेवक, शिपाई आणि मी असे तिघं उरलो होतो. शिपायाकडं कुलपाची किल्ली होती म्हणून तो.

त्यापेक्षा कागदाचा डबा काढायला सांगा. प्रत्येक घरात असतो, बिस्किटाचा पत्र्याचा, नाहीतर जुनी सुटकेस. त्यातले कागद जमिनीवर मांडायला लावा आणि दोन ढीग करा. दुसऱ्यानं मला फसवू नये, लुबाडू नये म्हणून असलेले कागद एका बाजूला. जे माझंच आहे ते मला करू द्यावं म्हणून मागितलेले दुसऱ्या बाजूला. हे काम घरच्यांनी स्वतःच्या हातानं करायचं, तुम्ही बोलायचं नाही.

माझ्या डंकाचा डबा सांगते. वजनकाट्याच्या तपासणीचा कागद, पहिल्या ढिगात. तुमची पाच किलो मिरची मी साडेचार मोजू नये म्हणून तो आहे, आणि मला तो हवाच आहे, कारण त्या शिक्क्यामुळंच परगावची बाई माझ्यावर विश्वास टाकते. अन्नपदार्थाची नोंदणी, वर्षाला १०० रुपये. हिच्यावरून माझं आणि सुनेचं भांडण होतं. ती म्हणते पहिला ढीग, मी म्हणते मध्ये ठेव. शॉप ॲक्टचा जुना परवाना दुसऱ्या ढिगात होता. २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नुसतं ऑनलाइन कळवायचं असं केलं, परवाना लागेनासा झाला. तो कागद गेला म्हणून आमच्या गावात एकाही दुकानावर आभाळ कोसळलं नाही, हे आवर्जून दाखवायचं. मग वीजमीटर व्यावसायिक करताना मागितलेला एक 'ना हरकत'. त्याची गोष्ट पुढं आहे.

आणि सगळ्यांत खाली चिंचेची फाईल.

गोठ्यामागं मामंजींच्या वडलांनी लावलेली चिंच होती. बुंधा एका अंगानं पोकळ झालेला, वारं सुटलं की करकर वाजायची. चिंच आंब्या-फणसासारखीच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, स्वतःच्या बांधावरची असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाही. अर्ज केला. सातबारा, नकाशा, झाडाचा घेर, फोटो. एका कार्यालयानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं विचारलं पहिल्याचं पत्र कुठाय. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात ती आपली आपणच पडली, गोठ्याचे पत्रे आणि म्हशीचा मागचा पाय घेऊन. मग पडलेल्या झाडाचा पंचनामा, कारण त्याशिवाय लाकूड हलवता येईना. आम्ही दीड महिना ओंडक्याला वळसा घालून धारा काढल्या.

ही गोष्ट सांगितली की कुणीतरी म्हणतं, "पण आक्का, कायदा नसला तर झाडं राहतील का?" चांगला प्रश्न आहे, झटकू नका. उठा आणि त्याला बांधावर घेऊन जा. गेल्या वीस वर्षांत लावलेली एक चिंच दाखव म्हणावं. सुबाभूळ दिसेल, कारण तिला कागद लागत नाही. जे झाड आपलं असून आपलं नसणार ते कोण लावतो? लोकांना हे माहीत असतं. त्यांनी ते कधी मोठ्यानं म्हटलेलं नसतं.

बांधाचं माप

डबा झाला की माप द्यायचं. पुस्तकी व्याख्येची गरज नाही, आपल्याकडं बांध आहे. बांध कोरणं म्हणजे काय हे शाळकरी पोराला कळतं. दरवर्षी नांगराचं एक तास इकडं सरकवलं की दहा वर्षांत शेजाऱ्याचा अर्धा गुंठा गायब. त्यासाठी डोकी फुटतात, दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात. सरकार हवं ते याच्यासाठी. मोजणी करायला, चोर धरायला, दिलेला शब्द पाळायला लावायला, आणि वाद झाला तर आपल्या हयातीत निकाल द्यायला. बांधाच्या आत मी ऊस लावते की हळद, माल सांगलीच्या सौद्याला नेते की कऱ्हाडला, हे विचारायला नको.

म्हणून कुठलाही नियम समोर आला की एवढंच विचारायला शिकवा, हा नियम बांध राखतोय का बांध कोरतोय? शंभर कामं अंगावर घेतलेल्या सरकारला बांध राखायला वेळ उरत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्यानं जमीन मोजणीचा अर्ज कधी केलाय, त्याला विचारा.

उसावर बोला

आमच्याकडं ऊस म्हटलं की झोपलेला माणूस उठून बसतो. आणि योगायोग असा की चांगला नियम आणि वाईट नियम दोन्ही एकाच पिकात सापडतात.

चांगला आधी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे की ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज. हा बांध राखणारा नियम. माझा माल नेला, मोबदला द्या, उशीर केला तर भरा. याची अंमलबजावणी सरकारनं डोळ्यांत तेल घालून करायला हवी.

आता दुसरा. दोन साखर कारखान्यांत केंद्राच्या आदेशानं १५ किलोमीटर अंतर हवं, महाराष्ट्रात ते २५, तेही हवाई. म्हणजे माझ्या शेताजवळ कुणी स्वतःच्या पैशानं नवा कारखाना काढून मला चार रुपये जास्त देतो म्हटला, तरी त्याला बंदी. इथं मी डंकाचंच उदाहरण देते. उद्या नियम आला की या डंकापासून पंचवीस किलोमीटरवर दुसरा डंक नको, तर मी तुमची मिरची नीट कुटीन का? खरं सांगते, नाही कुटणार. पहिल्या वर्षी कुटीन. दुसऱ्या वर्षी जाळी बदलायचा कंटाळा करीन. तिसऱ्या वर्षी तुमचा नंबर कधी लावायचा ते माझ्या मर्जीवर, आणि तुम्ही येताना माझ्यासाठी शेंगा घेऊन याल. बायका हसतात. मग कुणीतरी 'खुशाली' हा शब्द काढतं, ऊसतोडीच्या टोळीला, मुकादमाला, ड्रायव्हरला वर द्यावे लागणारे पैसे. खुशाली एकट्या अंतराच्या नियमानं आलेली नाही, तोडणीला माणसंही कमी झालीत, हे कबूल करायचं. पण ज्याला दुसरीकडं जाता येत नाही त्याच्याकडूनच खुशाली निघते.

जुन्या माणसांना झोनबंदी आठवते. तुमच्या क्षेत्रातल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, बाहेर नेला तर गुन्हा. स्वतःचा ऊस चोरासारखा रात्री ट्रॅक्टरनं नेलेली माणसं अजून गावात आहेत, त्यांना बोलतं करा, तुमचं निम्मं काम तेच करतील. ती बंदी आंदोलनानं गेली. २०१२ मध्ये रंगराजन समितीनं अंतराची अटही काढा असं सांगितलं होतं, लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी सरकारला कमी दरानं द्यायची साखर, बंद करा असंही. लेव्ही २०१३ ला गेली. अंतर राहिलं.

कुणी म्हणालंच की हे जुनं झालं, तर डिसेंबर २०२३ चा एकच आठवडा काढा. ७ तारखेला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. इथेनॉल करा म्हणून आधी सांगितलं होतं, कारखान्यांनी त्यासाठी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या. ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद, ती पुढच्या मे महिन्यापर्यंत. इथेनॉलची बंदी आठवडाभरात थोडी सैल केली, म्हणजे ज्यांनी घातली त्यांनाही ती नीट पेलली नव्हती. दोन्ही वेळा शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही.

इथं हुशार माणूस विचारणार, मग एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, पण काढायची का? ती पण सरकारनंच ठरवलेली किंमत ना? मी या प्रश्नाला दोन-तीनदा घसरले आहे. आता असं सांगते की आधी दावं सोडा, मग कुबडी काढा. पंचवीस किलोमीटरचं दावं गळ्यात ठेवून एफआरपीची कुबडी काढली तर माणूस तोंडावर पडेल. काही संघटनेवाल्यांना माझं हे बोलणं कच्चं वाटतं. वाटू दे.

"सरकार मागं सरलं तर मातब्बर खातील"

हा खरा आक्षेप आहे आणि तो दलित वस्तीतून, एकट्या बाईकडून, तीन-चार गुंठेवाल्याकडून येतो. इथं जो घाईनं उत्तर देतो तो पडतो.

आधी स्वतःची चूक सांगा, मग लोक ऐकतात. माझी ही. डंक सुरू केला तेव्हा खिडकी शेजारच्या घराकडं होती. शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंना दमा. मिरची कुटायला लागली की त्या खोकून बेजार. वहिनींनी ग्रामपंचायतीत तक्रार केली. मी तावातावानं गेले, माझी जागा, माझा डंक, पंचायतीचा संबंध काय. सगळ्यांसमोर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आक्का, डंक तुमच्या जागेत हाय, ठसका माझ्या घरात हाय." मला बोलता येईना. चांदवडला जाऊन आलेली बाई शेजारणीचा बांध कोरत होती. घरी आले, खिडकी बुजवली, डंकाला कापडी पिशवी बसवली, संध्याकाळी सातनंतर मोटर बंद. त्या दिवशी पंचायतीनं जे केलं ते सरकारचं काम होतं.

म्हणजे स्वातंत्र्य हवं ते एकेकट्या माणसाला. गावाच्या, भावकीच्या, जातीच्या स्वातंत्र्याच्या गप्पा कुणी मारायला लागलं की कान टवकारा. 'आमच्या समाजाचं आम्ही बघून घेऊ' असं म्हणणाऱ्यांनी कुणाला वाळीत टाकलंय ते आधी विचारा. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. मी तो पहिल्या ढिगात ठेवते, डोळे झाकून.

आमच्या नदीच्या वरच्या अंगाला कऱ्हाडजवळ टेंभू आहे. आता लोक ते पाण्याच्या योजनेमुळं ओळखतात. गोपाळ गणेश आगरकर तिथले, जन्म १८५६ चा. माणसानं स्वतःच्या बुद्धीनं चालावं, रूढीच्या दावणीला बांधून घेऊ नये, हे 'सुधारक'मधून लिहीत राहिले आणि लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. तर १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध होता, परक्या सरकारनं आमच्या चालीरीतीत हात घालू नये म्हणून. आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारावर न्यायचा कायदा. वरवर बघितलं तर कमी सरकारवाले टिळक ठरतात. पण ती मुलगी कुणाच्या बांधात होती? तिचा स्वतःचा बांध होता की नाही? हा प्रश्न सभेत टाकून थांबायचं. बायका उत्तर देतात, पुरुष उशिरा देतात.

आणि मग लक्ष्मीमुक्तीचं सांगायचं. १९९० च्या आसपास संघटनेनं पुरुषांना सांगितलं, बायकोच्या कष्टाचं ऋण फेडा, थोडी जमीन तिच्या नावावर करा. कायदा नाही, सक्ती नाही, अनुदान नाही. यांनी एक एकर माझ्या नावावर करायचं ठरवलं तेव्हा घरात आठ दिवस चूल धुमसत होती. मामंजी म्हणाले, बाईच्या नावावर रान म्हणजे माहेराला वाट. हे काही बोलले नाहीत, फक्त अर्ज घेऊन गेले. फेरफार पडायला सात महिने लागले. ज्या दिवशी सातबाऱ्याचा उतारा हातात आला त्या दिवशी मला वाचता येत असूनही मी तो सुनंदावन्संकडून मोठ्यानं वाचून घेतला. माझं नाव, त्याखाली क्षेत्र, ०.४० हेक्टर. त्यानंतर त्या एकरात काय लावायचं हे मला विचारल्याशिवाय घरात ठरलेलं नाही. पुढं डंकासाठी बँकेत गेले तेव्हा तोच उतारा टेबलावर ठेवला. मालमत्तेचा हक्क म्हणजे श्रीमंतांचं लाड-कौतुक असं कुणी म्हणालं की मी हा कागद दाखवते. १९७८ च्या घटनादुरुस्तीनं तो हक्क मूलभूत हक्कांतून काढून टाकला, हे सांगायची खरी जागा इथं आहे, माझ्यासारखी भाषणाच्या सुरुवातीला नव्हे.

जवळचा इतिहास वापरा, पण जपून

आटपाडीकडची माणसं असतील तर औंधचं सांगा. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं स्वतःची सत्ता कमी करून गावांच्या पंचायतींच्या हातात दिली. राजानं आपणहून हात आवरल्याचं असं उदाहरण फार सापडत नाही. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, भिंती नसलेला तुरुंग, कैदी बायका-पोरांसह शेती करून राहतात. आजही आहे.

रयत शिक्षण संस्थेचं उदाहरण साताऱ्यात हमखास चालतं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात सुरुवात केली ती सरकारची वाट न बघता. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं.

प्रतिसरकारचं मात्र जपून. आमच्या भागात नाना पाटलांचं नाव घेतलं की माणसं ताठ बसतात, आणि बसावीतच. १९४३ ते ४६ इंग्रजांना बाजूला सारून गावं चालवली, भांडणं गावातच मिटवली, कमी खर्चात गांधी विवाह लावले. पण 'बघा, सरकारशिवाय चाललं' असं म्हणू नका. ते सरकारच होतं, शिक्षा देणारं. पत्र्या ठोकण्याच्या, म्हणजे तळपायांना जबर इजा करायच्या शिक्षेच्या, गोष्टी आजीच्या तोंडून मी हसत हसत ऐकल्या आहेत, नंतर विचार केल्यावर हसू थांबलं. जिच्यावर अपील नाही अशी सत्ता आपल्या लाडक्या माणसाच्या हातात असली तरी तिला कुंपण लागतंच. एवढं बोलायची हिंमत असेल तरच हा विषय काढा, नाहीतर औंधवर थांबा.

आता हातात काय द्यायचं

नुसतं पटवून सोडलं तर लोक घरी जाऊन विसरतात. मी तीन गोष्टी करायला लावते.

पहिली, माहितीचा अर्ज. नमुना 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, दीडशे शब्दांच्या आत. 'तुम्ही हा दाखला का मागता?' असं लिहिलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण त्या कायद्यात 'का'ला उत्तर द्यायचं बंधन नाही. लिहायचं असं, 'ज्या अधिनियमाच्या, नियमाच्या किंवा शासन निर्णयाच्या आधारे हा दाखला मागितला जातो, त्याची प्रत मिळावी.' वीजमीटरच्या त्या 'ना हरकत'बद्दल मी नेमकं हेच विचारलं होतं. तीस दिवसांची मुदत, अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, 'सदर विषयी कोणताही अभिलेख आढळून येत नाही.' म्हणजे वर्षानुवर्षं गावातल्या प्रत्येक पिठाच्या गिरणीवाल्याकडून मागितलेला कागद कुणाच्याच हुकमानं मागितलेला नव्हता. ते उत्तर मी लॅमिनेट करून डंकावर लावलंय. त्यानंतर आमच्या गावातून तो दाखला मागितल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

दुसरी, लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची हे कार्यालयात फलकावर लावायचं असतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच नसेल तर तुमचा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. विनाकारण उशीर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंड झालेला मी बघितला नाही, पण कायद्याचं नाव घेतल्यावर हरवलेली फाईल सापडलेली दोनदा बघितली.

तिसरी, ग्रामसभा. विषय आठ दिवस आधी लेखी द्या. आधी महिला ग्रामसभा असते, तिथं तो पक्का करून घ्या, कारण मोठ्या सभेत बायका मागं बसतात आणि माईक पुढं असतो. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अडचणीचे ठराव तिथंच मंजूर होतात, तेव्हा पहिल्या सभेला माणसं न्या, दुसरीला जास्त न्या. ग्रामसेवकांना, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, प्रोसिडिंग बुकात तुमचं म्हणणं लिहून वाचून दाखवायला सांगा. आवाज चढवू नका, ते आपल्याच गावात राहतात.

आपल्याच ताटातलं

शेवटी एक परीक्षा घ्यायची, आणि ती स्वतःपासून.

बैलगाडा शर्यतीचं सोपं आहे. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केली, मे २०२३ ला कायद्याला मान्यता मिळाली. मधली वर्षं आमच्या गावची पोरं 'आमचा बैल, आमची शर्यत, सरकारचा संबंध काय' म्हणून माझ्याकडं यायची, मी त्यांची लाडकी मावशी झाले होते. मग एकदा विचारलं, बाळांनो, बैल म्हातारा झाल्यावर कुणाला विकायचा हे पण तुमचंच ना? मग २०१५ चा गोवंशहत्याबंदीचा कायदा? पोरं बैलाकडं बघायला लागली. एकजण म्हणाला, "मावशी, ते वेगळं." आपल्या आवडीची बंदी नेहमी वेगळीच असते. आणि बैलाला चाबूक लागतो त्याचं काय, असं त्यांनी मला विचारलं असतं तर मीही अडकले असते.

माझ्या ताटातलं म्हणजे आडवी बाटली. गावातलं देशीचं दुकान बंद करायला पंचवीस टक्के बायकांनी सह्या केल्या, मतदान लागलं, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. मीही मारला. आयुष्यभर सांगत आले की कुणी काय खावं-प्यावं हे सरकारनं सांगू नये. पण जाऊबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, मतदानाला मीच त्यांना धरून नेलं होतं.

गेल्या महिन्यात मसाल्याच्या गर्दीत सुनेनं सगळ्यांसमोर विचारलं, "आत्या, मग तुम्ही शिक्का का मारला?" मी म्हणाले की हात मोडणं हा बांध कोरणं आहे, त्याला शिक्षा हवी होती, पोलिसांनी ती दिली नाही म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे एकाच्या गुन्ह्यापायी सगळ्या गावाची बाटली बंद. आणि तुमचे भाऊजी तीन किलोमीटरवर जाऊन पितातच की." मी हिशेब जुळवायला लागले. जाऊबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुकान बंद झाल्यापासनं हात मोडला न्हाई. मला येवढंच कळतंय."

पुढचा नंबर शेजारच्या वहिनींचा होता. मी त्यांची मिरची उखळात ओतली आणि मोटर चालू केली.